समुद्राच्या पाण्यावर थंड होणारं सौर पॉलिहाऊस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

कोरड्या किनाऱ्यावर समुद्राचं पाणी पॅडवर, म्हणजे कूलरसारख्या जाळीदार भिंतीवर, सोडून तिच्यातून पंख्याने ओढलेली हवा गार करायची, त्याच पाण्यातून थोडं गोडं पाणी काढून पिकाला द्यायचं आणि वीज उन्हातून घ्यायची, हे तंत्र सोपं वाटतं. तरी बहुतेकांचं दोनच ठिकाणी चुकतं. पहिली चूक म्हणजे सौर पॅनल आणि आरओ (खारं पाणी गोडं करणारा संच) आधी विकत घेतले जातात आणि तिथली हवा कोरडी आहे का हे कुणी मोजतच नाही. दुसरी चूक जास्त महागात पडते. गोड्या पाण्याचं फॅन-पॅड पॉलिहाऊस चालवलेला माणूस खाऱ्या पाण्याचं पॅडही त्याच सवयीने चालवतो आणि महिनाभरात पॅडचा दगड होतो.

खालचे आकडे १००८ चौरस मीटरच्या, म्हणजे सुमारे १० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसचे आहेत. पॅडची भिंत ३६ मीटर, पॅड ते पंखा अंतर २८ मीटर, जागा ओमानच्या बातिना किनाऱ्यासारखी. तिथे वर्षानुवर्षांच्या उपशामुळे विहिरींत समुद्र शिरला आहे, त्यामुळे ही पद्धत तिथे गरजेची आहे. दुसऱ्या जागेसाठी आकडे बदला, क्रम बदलू नका.

टप्पा १: आधी हवा मोजा

पॅड हवेला किती गार करणार हे पाण्याच्या थंडपणावर ठरत नाही, हवेच्या कोरडेपणावर ठरतं. दोन साधे तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती फडकं गुंडाळा आणि दोन्हींवर वारा घाला. कोरडा तापमापक बाहेरचं तापमान दाखवतो, दुसरा ओलं तापमान. मग हिशेब असा:

आत येणाऱ्या हवेचं तापमान = बाहेरचं − ०.८ × (बाहेरचं − ओलं)

- ४० अंश, आर्द्रता २० टक्के: ओलं तापमान साडेबावीसच्या आसपास. पॅडमधून हवा २६ अंशांनी येते.
- ३८ अंश, आर्द्रता ५० टक्के: ओलं तापमान साधारण २९. हवा तीसच्या वर येते.
- ३३ अंश, आर्द्रता ७० टक्के: ओलं २८. फरक जेमतेम ४ अंश.

तिसरी ओळ कोकणची आहे. रत्नागिरी-मालवणच्या मे महिन्यात हे पॅड काही कामाचं नाही, आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. समुद्र दाराशी आहे एवढ्यावर तिथे हा खर्च करू नका. कच्छचा किनारा विचारात घेण्यासारखा आहे, पण तिथेही समुद्रावरून वारा सुटला की आर्द्रता चढते. म्हणून मोजल्याशिवाय होकार नाही.

मोजणी वर्षभर करा: सकाळी १०, दुपारी २ आणि संध्याकाळी ५ वाजता, प्रत्यक्ष जागेवर. विमानतळाचे आकडे चालत नाहीत. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत गेलं तरी ओलं तापमान बदलतं. सोबत वाऱ्याची दिशाही लिहा. बातिनाला दिवसा वारा समुद्रावरून येतो. सोमालीलँडमधल्या बर्बेराला उन्हाळ्यात जमिनीवरून गरम, कोरडा नैर्ऋत्य वारा सुटतो आणि त्याला तिथे ‘खरीफ’ म्हणतात. आपला ‘खरीप’ही त्याच अरबी शब्दातून आला. मात्र ओमानच्याच दक्षिणेला, सलालाला, खरीफ म्हणजे धुकं आणि रिमझिम. एकच शब्द, पण पॅडच्या दृष्टीने दोन टोकांच्या जागा.

> तपासणी: दुपारी २ चं ओलं तापमान २५ च्या आत राहिलं तर वर्षभर पीक घेता येतं. २५ ते २८ असेल तर त्या महिन्यांत उष्णता सोसणारंच पीक घ्या. २८ च्या वर जाणारे महिने पीक न घेता मोकळे सोडा.

टप्पा २: पाण्याचा आणि मिठाचा हिशेब

इथे घाई करू नका, पुढचं सगळं यावर उभं आहे.

दर चौरस मीटर जमिनीला सेकंदाला ०.०४ घनमीटर हवा लागते. १००८ चौरस मीटरला ४० घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे १,४५,००० घनमीटर. एवढी हवा १४ अंशांनी गार करायला तासाला साधारण ९५० लिटर पाणी उडतं. दिवसाला पूर्ण जोराचे ८ तास धरले तर ७,६०० लिटर.

पिकाला मात्र त्याहून बरंच कमी लागतं. गार, दमट, सावलीच्या हवेत काकडीसारखं पूर्ण वाढलेलं पीक चौरस मीटरला दिवसाला ३ लिटरच्या आसपास घेतं. धुणं-सांडणं धरून ४,००० लिटर गोडं पाणी पुरेसं होतं. पिकाला जितकं द्याल त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी हवा गार करण्यात जातं, आणि ते काम खारं पाणी करतं. या पद्धतीचा सगळा फायदा याच फरकात आहे.

आता मीठ. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. समुद्राचं पाणी दुप्पट घट्ट झालं की चुना बसायला लागतो, साडेतीन पटीच्या आसपास जिप्सम आणि दहा-अकरा पटीला खाण्याचं मीठ. म्हणून पॅडचं पाणी दुपटीच्या वर जाऊ द्यायचं नाही. उडणारं ७,६०० आणि पिकाचं ४,००० मिळून ११,६०० लिटर. दुपटीची मर्यादा पाळायची तर समुद्रातून रोज २३,२०० लिटर आत आणावं लागतं आणि ११,६०० लिटर घट्ट पाणी बाहेर काढावं लागतं.

ओमानच्या आखातात लिटरला साधारण ३७ ग्रॅम मीठ असतं. २३,२०० लिटर म्हणजे साडेआठशे किलोंहून जास्त मीठ रोज तुमच्या आवारात येतं. हा आकडा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

टप्पा ३: मीठ कुठे जाणार ते ठरवल्याशिवाय पाया खोदू नका

घट्ट पाणी मोकळ्या जमिनीवर सोडणं, जुन्या विहिरीत ओतणं, ओढ्यात वळवणं यातलं काहीही चालणार नाही. ज्या किनाऱ्याचं भूजल आधीच खारावलं आहे तिथे तुम्ही शेजाऱ्याची उरलीसुरली विहीरही मारता.

मार्ग दोन. पहिला, परवानगी घेऊन समुद्रात परत सोडणं. पाइप भरती-ओहोटीच्या पट्ट्यापलीकडे न्या आणि पाणी पसरून सोडा, एका जागी नाही. दुसरा, अस्तर लावलेलं बाष्पीभवन तळं. घट्ट पाणी गोड्या पाण्यापेक्षा सावकाश उडतं, म्हणून दिवसाला ५ मिलिमीटरच धरा. ११.६ घनमीटरला २,३०० चौरस मीटर तळं लागतं. म्हणजे १० गुंठ्यांच्या पॉलिहाऊसला २३ गुंठे तळं! जागा बघताना बहुतेक जण हेच विसरतात.

तळ्याचे तीन-चार कप्पे केले तर ते मिठागरासारखं चालतं. पहिल्या कप्प्यांत चुना आणि जिप्सम बसतं, २५ बोमेच्या (बोमे म्हणजे खाऱ्या पाण्याचा घट्टपणा मोजायचं माप) पुढे मीठ धरतं आणि २९ बोमेला उरलेलं कडू पाणी वेगळं काढायचं. ते मिठात सुकू दिलं तर मीठ कडवट होतं आणि ओल धरतं.

> सावधान: तळं वाऱ्याच्या खालच्या बाजूला, पॉलिहाऊस आणि पॅनलपासून दूर ठेवा. सुकलेल्या कप्प्यावरून उडणारी मिठाची भुकटी पिकाची पानं जाळते.

टप्पा ४: सांगाडा, पॅड आणि पंखे

पॅडची भिंत गरम महिन्यांतल्या वाऱ्याकडे तोंड करून आणि पंखे उलट बाजूला. उलटं बसवलं तर पंखे दिवसभर वाऱ्याशी झगडतात.

१. पॅड १५० मिलिमीटर जाड, ३४ मीटर लांब, १.२ मीटर उंच घ्या. क्षेत्र ४१ चौरस मीटर होतं आणि पॅडमधून हवेचा वेग सेकंदाला १ मीटर राहतो. गोड्या पाण्याच्या पॉलिहाऊसमध्ये याच जाडीच्या पॅडवर पावणेदोन ते दोन मीटर वेग चालतो. इथे तो धरलात तर खारे थेंब हवेबरोबर आत उडतात. पॅडचं क्षेत्र कमी करून पैसे वाचवू नका.

२. पॅडच्या मीटरमागे मिनिटाला ९ लिटर पाणी हा नेहमीचा हिशेब. खाऱ्या पाण्याला दीडपट, म्हणजे एकूण ४५० लिटर. जास्तीचं पाणी गार करण्यासाठी नाही, मीठ धुऊन नेण्यासाठी आहे. खालची टाकी २,५०० लिटरची, कारण पंप थांबला की पॅडमधलं सगळं पाणी तिच्यात उतरतं.

३. ५० इंची पंखे ५, प्रत्येकी दीड अश्वशक्ती, फायबरच्या सांगाड्याचे. दोन पंख्यांतलं अंतर साडेसात मीटरच्या आत.

४. पॅडचं गटर पीव्हीसीचं. जीआयचं, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचं, गटर इथे टिकत नाही. सांगाड्याचे पॅडलगतचे खांब इपॉक्सी लावलेले किंवा फायबरचे, नटबोल्ट ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. वरून चांगला दिसणारा बोल्ट वॉशरखाली आधी खातो, म्हणून दर तीन महिन्यांनी दोन-चार बोल्ट काढून बघा.

५. पॅडला बाहेरून खाली सोडता येणारा पडदा हवाच. तो रात्री लागतो आणि वाळूच्या वादळातही.

६. पॅड आणि पिकाची पहिली ओळ यांत २ मीटर मोकळे.

पंख्यांचा खर्च टाळायचा असेल तर वारा भरवशाचा पाहिजे. बर्बेरात २०१७ मध्ये ॲस्टन विद्यापीठाच्या सहभागाने उभं राहिलेलं हरितगृह शेडनेटचं आहे आणि त्यात हवा वाऱ्यानेच ढकलली जाते. छोट्या शेतकऱ्याने अभ्यास करायचा तर त्याचा. ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट ऑगस्टाचं २० हेक्टरचं हरितगृह १२७ मीटर उंच मनोरा आणि २३ हजार आरशांवर चालतं. १० गुंठ्यांना त्यातलं उचलण्यासारखं फार काही नाही.

टप्पा ५: पाणी घेणं आणि गोडं करणं

पाणी उघड्या समुद्रातून खेचण्यापेक्षा वाळूतल्या किनारी बोअरमधून घ्या. वाळूच पहिला फिल्टर होते. फक्त त्या पाण्यात लोह आहे का ते आधी तपासा. काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तांबूस झालं तर आरओच्या आधी लोह काढावं लागेल, नाहीतर मेम्ब्रेन (आरओतले गाळणारे पडदे) फुकट जातात.

दमट हवेतून पाणी निथळवून गोळा करण्याची सोय सुरुवातीच्या हरितगृहांत, ओमानमध्येसुद्धा, केली होती. नव्याने उभारताना ती धरू नका. पॅडमागची हवा फार तर २५ अंशांवर दव धरते आणि उन्हाळ्यात समुद्राचं पाणी तिशीच्या वर असतं. त्याने काही निथळत नाही. निथळवायचं तर तापवलेल्या पाण्याचं दुसरं पॅड आणि नळ्यांचं जंजाळ लागतं. १० गुंठ्यांना आरओच परवडतो.

- रोज ४ घनमीटर, उन्हाच्या ६ तासांत. म्हणून ताशी ७०० लिटरचा संच.
- दाब ६० बारच्या आसपास. शून्यापासून तिथे पोहोचायला किमान दीड मिनिट द्या.
- १२ घनमीटर आत, ४ गोडं, ८ घट्ट. हे ८ घनमीटर फेकू नका, पॅडच्या टाकीत सोडा. उरलेली गरज ताज्या समुद्राच्या पाण्याने भरा. टप्पा २ चा हिशेब असाच जुळतो.
- पाण्यात क्लोरीन टाकत असाल तर मेम्ब्रेनच्या आधी सोडियम मेटाबायसल्फाइटने ते मारा. क्लोरीन मेम्ब्रेन कायमचं खराब करतं.
- संध्याकाळी थांबवताना २०० लिटर गोड्या पाण्याने संच धुवा. खारं पाणी रात्रभर मेम्ब्रेनवर बसू देऊ नका.

> तपासणी: गोड्या पाण्याचा ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे क्षारांचं माप) बघून थांबू नका, बोरॉनही तपासा. समुद्रात लिटरला साडेचार मिलिग्रॅम बोरॉन असतो, आरओ तो पूर्ण काढत नाही आणि पाणी जितकं गरम तितका जास्त निसटतो. टोमॅटो बराच सोसतो. काकडीला १ ते २ मिलिग्रॅम ही हद्द. लिंबू अर्ध्या मिलिग्रॅमच्या पुढे त्रास दाखवतं, तेव्हा लिंबाचा विचारच सोडा.

टप्पा ६: आता सौर पॅनल

एवढं ठरल्यावरच विजेचा आकडा खरा निघतो. पंखे ४४ युनिट, आरओ २४, पॅडचा पंप १०, समुद्राचा पंप ३, बाकी किरकोळ ४. एकूण दिवसाला ८५ युनिट. दिवसाला साडेपाच तास पूर्ण ऊन आणि धूळ-उष्णता-वायर मिळून २८ टक्के तूट धरली की २२ किलोवॅटची पॅनल लागतात.

आरओची वीज बॅटरीत साठवू नका. गोडं पाणी साठवा, टाकी बॅटरीपेक्षा स्वस्त आहे. तीन दिवसांचं, म्हणजे १२,००० लिटर. पंख्यांना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) लावा: वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज निम्म्यावर येते. पॅनल धुवायला खारं पाणी कधीच वापरायचं नाही.

> सावधान: भर दुपारी इन्व्हर्टर बंद पडला तर काही मिनिटांत आतलं तापमान बाहेरच्या वर जातं. वीज गेल्यावर आपोआप उघडणारी छपराची खिडकी, भोंगा आणि एक छोटं जनरेटर हे तिन्ही पाहिजे.

टप्पा ७: रोजचा क्रम

इथे गोड्या पाण्याची सवय घात करते. गोड्या पाण्याच्या पॉलिहाऊसमध्ये संध्याकाळी आधी पंप बंद करतात, पंखे चालू ठेवून पॅड सुकवतात, म्हणजे शेवाळ धरत नाही. खाऱ्या पाण्यात हेच केलं तर पॅडच्या प्रत्येक घडीत मीठ धरतं आणि दुसऱ्या दिवशी पंखा लागला की ती भुकटी सरळ पिकावर येते. इथे क्रम उलटा.

१. सकाळी पडदा वर, पंप चालू. १० मिनिटं नुसतं पाणी. पॅड वरपासून खालपर्यंत काळपट ओलं दिसलं पाहिजे, कुठेही फिका पट्टा नको.

२. मग पंखे, एकेक करून.

३. दर दोन तासांनी टाकीतलं पाणी बोमे हायड्रोमीटरने बघा. समुद्राचं पाणी साडेतीन दाखवतं, दुपटीला ७. ६.५ झालं की पाणी सोडण्याची तोटी वाढवा. शेतातला साधा ईसी मीटर इथे चालत नाही, तो समुद्राच्या पाण्यालाच हद्दीबाहेर जातो.

४. संध्याकाळी आधी पंखे बंद.

५. टाकीतलं घट्ट पाणी तळ्याकडे सोडा, टाकी ताज्या समुद्राच्या पाण्याने भरा आणि पंप २० मिनिटं चालवा.

६. पंप बंद, पडदा खाली. रात्री हवा खेळवायची ती पंख्यांच्या बाजूच्या खिडक्यांनी, पॅडमधून नाही.

७. आठवड्यातून एकदा ५०० लिटर आरओच्या पाण्याने पॅडची वरची नळी आणि पॅड धुवा. त्याच वेळी नळीची भोकं तारेने मोकळी करा. एक बुजलेलं भोक म्हणजे पॅडवर एक सुका पट्टा.

मीठ आत येतंय का हे कळायला पॅडमागे एक मीटरवर काळ्या प्लॅस्टिकचा वहीएवढा तुकडा टांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात तिरका धरून बघा. पांढरे बारीक ठिपके दिसले आणि जिभेला खारट लागले, तर वेग जास्त आहे किंवा पॅड कुठेतरी सुकतंय. पानांच्या कडा जळेपर्यंत थांबलात तर आठवडा गेला.

पीक न लावता हा क्रम किमान १५ दिवस चालवा.

टप्पा ८: पीक

पहिलं पीक सप्टेंबरअखेर-ऑक्टोबरात लावा, म्हणजे थंड महिन्यांत हात बसतो आणि उन्हाळा येईपर्यंत चुका सुधारलेल्या असतात. काकडी किंवा टोमॅटो, चौरस मीटरला २ ते २.५ रोपं, मातीत नाही, कोकोपीटच्या पिशव्यांत. किनारी भागातल्या कोकोपीटमध्येच मीठ असतं. कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवून, मग गोड्या पाण्याने धुऊन ईसी १ च्या खाली आल्यावरच पिशव्या लावा.

आरओच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जवळपास नसतं. विहिरीच्या पाण्यावर बसवलेलं खताचं वेळापत्रक तसंच चालवलं तर टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो. कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत, मॅग्नेशियम सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या टाकीत. संहत द्रावणं एकत्र झाली तर गाळ बसून ड्रिपर बुजतात. निचऱ्याचं पाणी फिरवून वापरा, पण त्यातलं सोडियम लिटरला १५० मिलिग्रॅमच्या वर गेलं की सोडून द्या.

पॅडकडून पंख्याकडे जाताना हवा दुपारी ४-५ अंशांनी तापते. तेव्हा पंख्याकडच्या ओळींना पाणी थोडं जास्त आणि वर शेडनेट जरा दाट.

काय बिघडलं, कुठे बघायचं

- *पहिल्या दोन ओळींच्याच पानांच्या कडा जळल्या:* खारे थेंब किंवा मिठाची भुकटी. काळा तुकडा बघा, पॅडचे सुके पट्टे शोधा.
- *सगळीकडच्या जुन्या पानांच्या कडा जळल्या:* पाण्यातला बोरॉन किंवा निचऱ्यातलं सोडियम. पाणी तपासायला पाठवा.
- *पंखे जोरात, पण गारवा कमी:* पॅडमध्ये चुना साचला. बॅटरीचा झोत पॅडच्या एका बाजूने मारून पलीकडे किती उजेड येतो ते बघा. नव्या पॅडशी तुलना करा.
- *पॅड स्वच्छ, तरी गारवा कमी:* बाहेरचं ओलं तापमान मोजा. हवाच दमट असेल तर दुरुस्ती करण्यासारखं काही नाही. टाकीतलं पाणी दुपटीवर असेल तर ते सौम्य केल्याने फार तर अर्धा अंश मिळतो, तेवढाच.
- *सकाळी पानांवर दव आणि पाठोपाठ केवडा (पानांवरचा बुरशीरोग):* रात्री हवा खेळत नाही. पंख्याकडच्या खिडक्या उघड्या ठेवा, संध्याकाळचं पाणी सूर्यास्ताच्या दोन तास आधी थांबवा.
- *आरओचं पाणी कमी, दाब जास्त:* आधीचे फिल्टर बदला. तरी तसंच राहिलं तर मेम्ब्रेन उघडून बघा. तांबडा थर लोहाचा, बुळबुळीत थर जिवाणूंचा, आणि दोन्हींची धुलाई वेगळी: लोहाला सायट्रिक आम्ल, बुळबुळीला अल्कलीचं द्रावण.